उशाशी उगवणारा सूर्य : पहाट नेमकी कोणाची?

खिडकीला जाड पडदे, बाहेर काळोख, उशाशी तबकासारखा एक गोल दिवा. गजर साडेसहाचा लावलेला आहे. सहाच्या सुमारास दिव्याच्या तळाशी निखाऱ्यासारखी मंद लाली उमटते. ती हळूहळू नारिंगी होते, मग पिवळी, आणि साडेसहाला खोलीत पांढरा उजेड भरलेला असतो. आवाज सर्वांत शेवटी होतो, तोही पक्ष्यांचा. ‘सनराइज अलार्म’ या नावाने विकली जाणारी ही वस्तू आता पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही दिसू लागली आहे. तिच्या जाहिरातींचा सूर बहुधा एकच असतो : घड्याळाने माणसाची सकाळ बिघडवली, हा दिवा त्याला पुन्हा निसर्गाच्या वेळेवर नेतो.

हा दावा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे. माणूस खरोखर सूर्याबरोबर उठत होता काय? उठत असेल तर कोणता माणूस, आणि कोणाच्या सोयीने? मुंबई शहरात याच प्रश्नावर अर्ज झाले, सभा झाल्या आणि एकदा दगडफेकही झाली. हा धागा त्या पहाटेचा आहे.

प्रथम भाषेकडे पाहावे. दिव्याची कंपनी ज्या अर्ध्या तासाला ‘सूर्योदयाचे अनुकरण’ म्हणते, त्याच्या प्रत्येक पायरीला मराठीत स्वतंत्र शब्द आहे. आधी झुंजूमुंजू होते, मग तांबडे फुटते, मग फटफटते आणि शेवटी उजाडते. दिव्याचा लाल ते पांढरा हा प्रवास या चार क्रियापदांत जसाच्या तसा सापडतो. शास्त्रग्रंथांची परिभाषा याहून काटेकोर. अहोरात्राच्या ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची. सूर्योदयापूर्वीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. घटिका मोजण्याचे साधन म्हणजे तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटिका झाली. पण मोजणी सुरू होई ती सूर्योदयापासून. पंचांगाचा वारही मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. म्हणजे या कालगणनेचे शून्य रोज थोडे सरकत असे, आणि त्यात कोणाला काही चमत्कारिक वाटत नसे.

मात्र एवढ्यावरून जुन्या काळचा माणूस उजेडाने जागा होत होता असे म्हणणे घाईचे ठरेल. निदान बाई तरी होत नव्हती. दिवसाचे पीठ दिवस उगवण्यापूर्वी दळून व्हावे लागे, आणि जात्यावरच्या ओव्यांचे सारे भांडार अंधारात रचले गेले आहे. तिचे घड्याळ म्हणजे शुक्राची चांदणी आणि कोंबड्याची बांग. पिंगळा दारावर येई तो काळोखातच. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव त्यानंतर. देवळातली काकड आरतीही सूर्याची वाट पाहत थांबत नाही. उजेडाने जाग येणे ही घरात दळणारे दुसरे कोणी असणाऱ्याची चैन होती. जाहिरातीतल्या ‘निसर्गा’ने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

सूर्याच्या वेळेने काम सुरू होणे ही गोष्ट काटेकोरपणे अमलात आली ती शेतात किंवा देवळात नव्हे, गिरणीत.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढील तीन दशकांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. या गिरण्या दीर्घकाळ दिवसाच्या उजेडातच चालल्या. नियम साधा होता : दिसू लागले की यंत्र सुरू, दिसेनासे झाले की बंद. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा. कामाचा दिवस ऋतूप्रमाणे लांबत-आखडत असे, आणि उन्हाळ्यात कामगाराला सूर्य जितका वेळ आकाशात राहील तितका वेळ साच्यासमोर उभे राहावे लागे. निसर्गाच्या वेळेने जगणे म्हणतात ते हेच. त्यात काव्य फारसे नव्हते.

शिवाय दाराशी सूर्योदयाला पोहोचायचे तर उठायचे त्याहून बरेच आधी. घरी घड्याळ नाही, उशिराला दंड, कधी दिवसाची मजुरीच बुडे. त्यामुळे अंधारात अंदाजाने उठून लवकर निघणे हाच शहाणपणा. गिरणीचा भोंगा पुढे या सगळ्या वस्तीचा गजर बनला. ‘गजर’ या शब्दाचा एक अर्थ हरिनामाचा घोष असाही आहे. गिरणगावात तो शब्द वाफेच्या शिट्टीकडे गेला.

याच पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येते. सत्यशोधक चळवळीतले हे कार्यकर्ते १८८० पासून ‘दीनबंधू’ चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण १८९० मध्ये ती पदरात पडली. दुपारची अर्ध्या तासाची सुटी, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्याची भरपाई याही मागण्या अभ्यासकांच्या परिचयाच्या. पण एक मागणी सहसा वाचून पुढे जाण्यासारखी वाटते : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे.

हे वाक्य नीट वाचले तर विचित्र आहे. दिवसाचे एक टोक घड्याळाला बांधलेले, दुसरे सूर्याला. असे का?

उत्तर पंचांगात आणि थोड्या आकडेमोडीत मिळते. त्या वेळी शहरात मुंबईची स्थानिक वेळ चालत होती, आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. मुंबईत वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास होतो, आजच्या घड्याळात सव्वासातच्या सुमारास. त्या काळच्या घड्याळात सहा वाजून पस्तीस-छत्तीस मिनिटांनी. म्हणजे साडेसहा ही वेळ थंडीतल्या सूर्योदयाच्या अगदी शेजारी येते. जूनमध्ये त्याच घड्याळात सूर्य पाच वाजून वीस-बावीस मिनिटांनीच वर येत असे. मागणीचा परिणाम असा झाला असता : सकाळचे टोक कायमचे हिवाळ्याच्या सूर्योदयापाशी रोवायचे आणि उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवला तरी तो जादा तास-सव्वा तास कामगाराकडे ठेवायचा. संध्याकाळी मात्र अंधार पडला की सुटका हवीच. घड्याळ आणि सूर्य या दोघांपैकी ज्या टोकाला जो उपयोगी, त्या टोकाला तो मागितलेला आहे. घड्याळ म्हणजे भांडवलाचे हत्यार आणि सूर्य म्हणजे श्रमिकाचा मित्र, अशी सोपी विभागणी करणाऱ्यांनी हे निवेदन जवळ ठेवावे.

ती मागणी मान्य झाली नाही, आणि नंतर तिच्या दुसऱ्या टोकालाही सुरुंग लागला. कारण विजेचा दिवा आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे बसू लागले. १९०५ च्या तेजीत त्यांचा खरा उपयोग झाला. सूत-कापडाला मागणी होती, आणि आता यंत्र बंद करण्यासाठी सूर्यास्ताचे कारण उरले नव्हते. चौदा-चौदा, काही ठिकाणी त्याहूनही अधिक तास काम होऊ लागले. कामगारांत असंतोष पसरला, संप झाले, वर्तमानपत्रांतून टीका झाली, सरकारला चौकशी नेमावी लागली. ‘दिवसभर काम’ या शब्दाचा अर्थच त्या वर्षी बदलला. पूर्वी दिवसाचा मालक निदान आकाशात होता. आता तो भिंतीवरच्या बटणात आला.

कृत्रिम उजेडाने मुंबईची पहाट प्रथम पुढे ओढली ती इथे. उशाशी उगवणाऱ्या सूर्याचा हा पूर्वज कोणाच्या आरामासाठी जन्मला नव्हता.

आणि मग, जणू एवढे पुरेसे नव्हते म्हणून, खुद्द वेळच बदलली. शहराला याचा जुना अनुभव होता. डिसेंबर १८८१ पासून गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादली होती. रेल्वेची वेळ तीच होती आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. शहराने ती मनापासून कधीच स्वीकारली नाही. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरील घड्याळाने स्थानिक वेळ दाखवायचे ठरवले तेव्हा त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च देण्यास सरकारने नकार दिला. घड्याळ आमची वेळ दाखवत नाही, तर ते अंधारात राहो, असा हा न्याय. १८८३ मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ रोजी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईत घड्याळाचा काटा ३९ मिनिटे पुढे सरकला. कार्यालयातल्या कारकुनाला ही गैरसोय वाटली असेल. गिरणी कामगारासाठी ती निराळीच गोष्ट होती. जानेवारीत सूर्य जुन्या घड्याळात साडेसहाच्या पुढे उगवतो. गिरणीचे फाटक त्याच आकड्याला, पण नव्या वेळेने उघडायचे ठरले, तर कामगाराने ऐन थंडीत आणखी ३९ मिनिटे अंधारात उठायचे. वर्षभरापूर्वी विजेच्या दिव्याने त्याची संध्याकाळ नेली होती. आता काट्याच्या एका हालचालीने पहाट चालली होती. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून मिलच्या हजारो कामगारांनी कामावर जाण्यास नकार दिला आणि गिरणीवर दगड पडले.

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग कधी ‘नव्या प्रमाणवेळेबद्दलचे अज्ञान’ म्हणून, तर कधी ‘साम्राज्याविरुद्धचा उठाव’ म्हणून येतो. दोन्ही वाचनांत तथ्य थोडे आणि सोय अधिक. ती माणसे रेखांशावर वाद घालत नव्हती. त्यांना आपली झोप मोजता येत होती. शहरातल्या सुशिक्षितांची लढाई मात्र पुढे बराच काळ मानापमानाच्या पातळीवर चालली. महापालिकेने स्थानिक वेळ धरून ठेवली, आणि ‘बॉम्बे टाइम’ पूर्णपणे मावळायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला.

१९११ च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. स्त्रिया व मुलांना सायंकाळी ७ ते पहाटे ५.३० या वेळेत कामाला लावण्यास बंदी होती. त्या तरतुदीत ‘सूर्य’ हा शब्द उरला नाही. पहाट म्हणजे साडेपाच, बाराही महिने. पुढे पाळ्या आल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रात्रपाळी सर्वत्र रुळली, आणि लालबाग-परळच्या खोल्यांत एका पाळीचा माणूस उठून वळकटी गुंडाळायचा तेव्हा दुसऱ्या पाळीचा तीच वळकटी पसरायला दारात उभा असायचा. त्या खोलीत पहाट दिवसातून तीनदा होत असे.

उशाच्या दिव्याची गोष्ट इथून थेट पुढे जात नाही. ती सुरू होते अमेरिकेत, आणि तिची प्रेरणा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, नफ्याची नव्हती. १९८० मध्ये आल्फ्रेड लुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रात्री शरीरात स्रवणारे मेलाटोनिन तीव्र प्रकाशाने दबते. तोवर हा परिणाम इतर प्राण्यांत दिसला होता, माणसात नाही; कारण प्रयोगात वापरलेला खोलीतला साधा उजेड अपुरा पडत होता. २,५०० लक्स प्रकाश दिला तेव्हा माणूसही इतर प्राण्यांसारखाच निघाला. हर्बर्ट कर्न नावाच्या एका रुग्णाने स्वतःच्या मनःस्थितीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. प्रत्येक हिवाळ्यात तो खचत असे. संशोधकांनी त्याला पहाटे आणि सायंकाळी तीव्र प्रकाशात बसवून त्याचा दिवस कृत्रिमरीत्या लांबवला, आणि काही दिवसांतच त्याची उदासी उतरू लागली. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल यांनी या हिवाळी नैराश्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रोझेन्थाल हे जोहान्सबर्गचे. उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला आल्यावर तिथल्या हिवाळ्याने त्यांना स्वतःलाच ग्रासले होते.

या उपचारात एक अडचण होती. प्रकाशपेटीसमोर रोज पहाटे अर्धा तास, सुरुवातीच्या काळात दोन-दोन तास बसावे लागे. कामावर जाणाऱ्या माणसाने तेवढी सकाळ आणायची कुठून? १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मायकेल टर्मन यांनी दुसरी वाट काढली. रुग्ण झोपलेला असतानाच खोलीतला प्रकाश नैसर्गिक पहाटेप्रमाणे हळूहळू वाढवत नेला. बंद पापण्यांतून प्रकाशाचा अल्पसा अंश, त्यातही मुख्यतः तांबडा, आत पोहोचतो. तरीही पेटीच्या मानाने बऱ्याच मंद असलेल्या या पहाटेचा परिणाम दिसला. डोळ्यात केवळ पाहण्यासाठी नव्हे, तर शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्यासाठी वेगळ्या पेशी असतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या प्रयोगांनी स्पष्ट केले. तोवर ‘पहाट’ प्रयोगशाळेतून बाहेर पडून दुकानाच्या वाटेला लागली होती.

इथे एक बारकावा नजरेतून सुटू नये. पेटीपुढे बसण्याचा वेळ जागेपणातून जात होता. कृत्रिम पहाट तो झोपेतून घेते. रुग्णासाठी ही सवलतच होती. बाजारात आल्यावर तीच गोष्ट वेगळी झाली, कारण आता ती निरोगी माणसाला ठरलेल्या वेळी विनातक्रार उठवण्यासाठी विकली जाऊ लागली. भोंगा कानावर आदळत असे, म्हणून त्याच्यावर रागावता येई.

शिवाय ही पहाट उत्तरेची आहे. बहुतेक दिवे साधारण अर्धा तास घेतात. वसंत-शरदात लंडनच्या आकाशात नागरी संधिप्रकाश जवळपास तेवढाच टिकतो, उन्हाळ्यात तर पाऊण तासापर्यंत. मुंबई-पुण्यात तो बावीस-चोवीस मिनिटांत आटोपतो. सूर्य इथे क्षितिजावर अधिक सरळ चढतो. ‘फटफटले’ या शब्दातली घाई विषुववृत्ताच्या जवळची आहे. कोथरूडच्या बेडरूममध्ये जी संथ पहाट फुटते, ती कोथरूडची नाही.

या वस्तूला तिचे खरे घर सापडले ते २०१० मध्ये, आर्क्टिकमधील लाँगइयरब्येन गावात. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. फिलिप्स कंपनीने आपले दिवे तिथल्या रहिवाशांना वापरायला दिले आणि त्याची भरपूर प्रसिद्धी केली. जाहिरातच होती ती. तरी जिथे पहाट नाही तिथे पहाट देणे यात काही खोटे नव्हते. योगायोग असा की कोळशाच्या खाणीसाठी ते गाव वसवले गेले १९०६ मध्ये, म्हणजे मुंबईच्या पहाटेतून ३९ मिनिटे गेली त्याच वर्षी.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावचे भोंगे एकेक करून थांबले. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. तिचे धुराडे शोभेसाठी राखले आहे. आसपासच्या मनोऱ्यांत ज्यांच्या उशाशी असा दिवा आहे आणि तो साडेसहाला लावलेला आहे, त्यांना लोखंड्यांच्या निवेदनातली वेळ मिळाली असे वाटू शकेल. पण निवेदनातले साडेसहा म्हणजे आजच्या घड्याळात सात वाजून नऊ मिनिटे, आणि तेही कामाला सुरुवात करण्याचे. जानेवारीत हा दिवा खऱ्या सूर्याच्या पाऊण तास आधी उजाडून मोकळा होतो. जूनच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास वर येतो. त्या दिवसांत दिव्याच्या तळाशी पहिली लाली उमटते, तेव्हा जाड पडद्याबाहेर कोवळे ऊन पडायला लागलेले असते.